घेणाऱ्यांच्या रांगेत विल्मट

माझे वडील लोकांच्या गळ्याला वस्तरा लावून डोळे मागायचे. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो दचकतो, पण कोलंबोच्या दक्षिणेला आमच्या किरलवेल्लमध्ये कुणाला त्याचं काही वाटत नसे. मातरच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून आमचं दुकान होतं. अर्ध्या भागात वडिलांचं, आमच्या तात्तांचं, सलून आणि पडद्यापलीकडच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, मान मागे टाकायचं, गालांना साबणाचा फेस लागायचा, आणि वस्तरा हनुवटीखाली आला की तात्ता अगदी गोड आवाजात विचारायचे, "मग, डोळ्यांचं काय ठरवलंत?"

त्या अवस्थेत नाही कोण म्हणणार? अख्ख्या गावाने असेच डोळे कबूल केले होते. पोस्टमास्तरांनी केले, शाळेच्या हेडमास्तरांनी केले, होड्यांच्या मालकांनी केले. फक्त तात्तांचा लहानपणापासूनचा दोस्त गिल्बर्ट मामा तेवढा बधला नव्हता. मामाचा काथ्याचा कारखाना होता आणि जीभ त्याच्या काथ्यासारखीच खरखरीत.

"मेल्यावर कुठे चाललोय ते मला बघायचंय, मचंग," तो म्हणायचा; मचंग म्हणजे दोस्ता. "तू आपला दाढी कर."

"जिथे तू जाणार तिथे अंधारच आहे. डोळे नेऊन काय करशील?" तात्ता म्हणायचे, आणि त्याच्या गालावर फेसाचा आणखी एक हात फिरवायचे.

गावात कुणी गेलं आणि घरच्यांची तयारी असली, की पहिला निरोप तात्तांना यायचा. ते वस्तरा ठेवून सायकलवर टांग मारायचे. मयताच्या घरी पोचल्यावर आधी पंखा बंद करायचे, पापण्या हळूच मिटवायचे, त्यांवर ओला कापूस ठेवायचे आणि उशी थोडी उंच करायचे. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून मातरच्या इस्पितळाला फोन. तिथून माणूस बर्फाचा डबा घेऊन येईपर्यंत तात्ता राखणदारासारखे उशाशी उभे राहायचे. कुणी रडत जवळ आलं की हलकेच सांगायचे, "ओली ठेवायची ती काच, बाळ. वाळली की धुरकट होते. धुरकट झाली की कुणाच्या कामाची नाही."

ही काच त्यांच्या बोलण्यात सारखी असायची. डोळ्याच्या काळ्या भागावर जे पारदर्शक झाकण असतं तेच फक्त दुसऱ्याला बसवतात, सगळा डोळा नाही, हे त्यांनी गावाला इतक्यांदा समजावलं होतं की आमच्याकडे शेंबडं पोरही ते सांगू शकत असे. पण त्यांच्या उत्साहाला वेळकाळ नव्हता. सायमन आजोबा तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तात्ता केळ्यांचा फणा घेऊन भेटायला गेले. आजोबांनी त्यांना दारात पाहिलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"अजून आहे मी, विल्मट! केळी ठेव आणि नीघ!"

सायमन आजोबा त्यानंतरही बरीच वर्षं जगले. अम्मा म्हणायची की नुसत्या रागावर जगले.

आमच्या देशाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीसाठी अंगणात कमान उभारायची होती. कोवळ्या पिवळ्या झावळ्या चिरून त्यांच्या जाळ्या विणण्यात तात्तांचा हात कुणी धरत नसे. शिडीवर चढून ते झावळी बांधत होते, खालून कुणीतरी ती ओढली, आणि पात्याची कड सपकन त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली.

"काही नाही, काही नाही," म्हणत ते खाली उतरले. डोळा लाल झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं.

"इस्पितळात जा," अम्मा म्हणाली.

"एवढ्यासाठी? पोरांना पण लागतं एवढं."

दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. गिल्बर्ट मामाकडे त्याच्या डोळे आल्याच्या वेळची थेंबांची बाटली उरलेली होती. तो ती घेऊन आला. "मला दोन दिवसांत आराम पडला होता बघ. जादू आहे नुसती."

जादू खरीच झाली. लाली गेली आणि दुखायचं थांबलं. तात्तांनी मला बोलावून आरशात डोळा दाखवला आणि म्हणाले, "बघ. उगाच इस्पितळाच्या बाकावर दिवस गेला असता." मग आठवडाभराने ते रात्रभर कण्हत बसले. सकाळी मी त्यांचा डोळा उजेडात पाहिला, तर काळ्याच्या बरोबर मधोमध एक पांढरा ठिपका होता. भाताचं शीत चिकटावं तसा.

मातरच्या डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली, आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. झावळीबरोबर बुरशी डोळ्यात गेली होती. बाटलीतल्या औषधाने दुखणं दबलं आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

"तुम्हीच ना ते डोळे गोळा करणारे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," तात्ता म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग दर तासाला थेंब. अम्मा आणि मी आळीपाळीने घालायचो. बुरशी मेली आणि डोळा वाचला, पण जखम भरली तिथे पांढरा वण राहिला. तात्ता म्हणायचे, "नारळाच्या दुधात डोकं बुडवून बघतोय असं वाटतं." डावा डोळा त्यांचा जन्मापासूनचा आळशी. तो उघडा असायचा, दिसायला छान होता, पण कामाला कधी नव्हता. आजवरची सगळी दाढी-कटिंग उजव्यावर चालली होती.

आणि आता ती डाव्याच्या भरवशावर चालू झाली.

पोस्टमास्तरांच्या कानाला कात्री लागली. हेडमास्तरांची अर्धी मिशी गेली. दोन्ही बाजू सारख्या करायच्या नादात उरलेली अर्धीही गेली, आणि सोमवारी शाळेत मुलांनी त्यांना ओळखलंच नाही. लोक भले. कुणी काही बोललं नाही. पण हळूहळू गिऱ्हाइकं "यंदा केस वाढवतोय," "डोकं थंड पडतं" असं काहीबाही सांगू लागली. म्हातारेकोतारे लांब केस घेऊन फिरू लागले. आमचं गाव भजनी मंडळासारखं दिसायला लागलं.

न चुकता येत होता तो एकटा गिल्बर्ट मामा. त्या बाटलीचा सल त्याच्या मनातून जात नव्हता. आधी तो पंधरवड्यातून एकदा दाढी करायचा. आता एक दिवसाआड येऊन खुर्चीत बसायचा, डोळे घट्ट मिटायचा, आणि तात्तांचा वस्तरा जाईल तिकडे जाऊ द्यायचा. त्याच्या हनुवटीवर कायम तुरटीचा खडा फिरलेला असायचा.

"मचंग, कोलंबोला जा," तो एक दिवस म्हणाला. "नवी काच बसवून घे. माझी व्हॅन आहे, मी नेतो."

"मला नको."

"का नको? अख्ख्या गावाच्या काचा पाठवल्यास तू. एक परत घ्यायला काय होतं?"

"डावा आहे ना मला!"

"डावा?" मामाने गालावरचा कापूस काढून रक्त दाखवलं. "हा बघ तुझा डावा."

तात्ता हसले नाहीत. त्यांनी वस्तरा पट्ट्यावर घासत घासत सांगितलं, "रांगेत पोरंबाळं आहेत, गिल्बर्ट. शिकायचं वय आहे त्यांचं. मी म्हातारा मधे कुठे घुसू? आणि मी देणाऱ्यातला माणूस आहे. आयुष्यभर लोकांच्या दारात देणाऱ्याच्या ऐटीत उभा राहिलो. आता हात पसरू?"

पडद्यापलीकडे माझ्यासमोर पियसीली अक्का उभी होती. मुलीच्या लग्नासाठी तिला ब्लाउज शिवायचं होतं, आणि मी तिच्या खांद्याचं माप घेत होते. ती जस्टिनची बायको. जस्टिन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेला. त्याचे डोळे तात्तांनीच मागितले होते.

तात्तांचं शेवटचं वाक्य ऐकलं तशी ती माप घ्यायच्या फितीसकट वळली आणि तिने पडदा सरकवला. बायका सलूनच्या त्या भागात कधी जात नसत. गिल्बर्ट मामा फेसाच्या तोंडाने खुर्चीत ताठ झाला.

"विल्मट अय्या," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "जस्टिन गेला त्या दिवशी तुम्ही माझ्या अंगणात उभे होतात. माझं रडणं थांबलं नव्हतं. माझी सासू तुमच्या अंगावर धावून आली होती, आठवतं?"

"आठवतं," तात्ता म्हणाले.

"तरी तुम्ही मागितलंत. तुम्ही मला म्हणालात, पियसीली, कुणीतरी वाट बघत बसलंय. मी हो म्हटलं. तेव्हापासून मी बसमधून कुठे गेले तरी लोकांच्या डोळ्यांकडे बघते. वाटतं, असेल इथे कुणीतरी, ज्याला त्याच्यामुळे दिसतंय. माझा दिवस बरा जातो त्याने." तिचा आवाज चढला. "आणि आज तुम्ही म्हणता घेणं म्हणजे हात पसरणं? मग माझ्या नवऱ्याची काच ज्याने घेतली तो काय भिकारी होता?"

बाहेरून मासेवाल्याच्या सायकलचा भोंगा वाजत गेला.

"तसं नव्हे गं," तात्ता पुटपुटले.

"तसंच बोललात तुम्ही. सगळ्यांनी देणारंच व्हायचं म्हटल्यावर घेणार कोण? तुम्हाला आवडतं म्हणून लोक मरून देतात वाटतं?" ती पडद्यामागे परत आली, हात वर करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "घे माप. बाह्या जरा लांब ठेव."

 मी फीत धरली आणि बाह्या दोन बोटं लांब लिहिल्या.

त्या दिवशी तात्तांनी दुकान लवकर बंद केलं. जेवताना अम्माने त्यांच्या ताटात आंबट मासा वाढला, तेव्हा भात चिवडत म्हणाले, "गिल्बर्टला सांगा, व्हॅनमध्ये पेट्रोल भरून ठेव म्हणावं."

कोलंबोच्या डॉक्टर शिवगामी मूळच्या जाफन्याच्या. बारीक चणीच्या, आणि मान थोडी कलती करून ऐकायच्या. त्यांनी तात्तांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, डोळ्यावर उजेडाची एक बारीक फट टाकली, आणि पलीकडून बघत राहिल्या. तात्तांना गप्प बसवेना.

"डॉक्टर, एक विचार आहे माझा. डावीकडची काच चांगली आहे, पण डोळा आळशी. उजवा कामसू, पण काच खराब. तर डावीची काढून उजवीला लावा. कुणाचं घ्यायला नको, काही नको."

"अंकल, दोन डोळे कापण्यापेक्षा एक कापलेला बरा. डोकं हलवू नका."

"पण डावीची चांगली आहे ना?"

"तुमच्या वयाच्या मानाने फार सुरेख आहे." त्यांनी उजेड डाव्या डोळ्यावर नेला. "विशीतल्या मुलाला शोभेल अशी."

तात्तांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अनेक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "म्हणजे माझ्यानंतर ती कुणाला चालेल? डोळ्याला दिसत नसलं तरी?"

"काच वेगळी आणि पाहणं वेगळं. डोळा आळशी असला म्हणून काच काही आळशी नसते. तेव्हाचे डॉक्टर तपासतील, पण आज तरी मला त्यात खोट दिसत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस त्यांना नेमकं काय खात होतं. दोन्ही डोळे वाया गेले, आता आपल्याजवळ द्यायला काही उरलं नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आम्हाला कुणाला बोलले नव्हते.

मग डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवून समजावलं. तात्ता ज्याला काच म्हणत ती काच नव्हतीच, जिवंत कातडं होतं. त्यात रक्ताची एकही नळी नसते, म्हणून ते पारदर्शक. श्वास घ्यायचा तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या ओलाव्यातून. आतले धागे इतके नीट रांगेत लागलेले, की उजेड कुठेही न अडखळता आत जातो. आणि सगळ्यात मागे पेशींचा एक पातळ थर, तो आत झिरपणारं पाणी दिवसरात्र बाहेर टाकत असतो. तो थकला की सगळं फुगतं आणि धुकं धरतं.

"होडीतलं पाणी उपसणारा माणूस," तात्ता म्हणाले.

"अगदी तसाच."

"आणि तो झोपला की होडी बुडाली."

"हो. म्हणून दुसऱ्याचं बसवतानाही तो जागा आहे का, हे आम्ही आधी बघतो. तुमच्या डोळ्यात मात्र झावळीने धाग्यांचा गुंता केलाय. तो सोडवता येत नाही. तेवढा गोल कापून काढायचा आणि नवा गोल शिवायचा."

"शिवायचा? कशाने?"

"दोऱ्याने. केसापेक्षा बारीक."

तात्तांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस, इनोका? आणि तू सुईत दोरा ओवायला माझ्यासमोर कुरकुरतेस."

बोलावणं येईपर्यंत बरीच वाट पाहावी लागली. कोपऱ्यावरच्या दुकानाचा फोन वाजला की तात्ता फेसाचा ब्रश हातात घेऊन धावायचे, आणि दुकानदार ओरडायचा, "माझ्या सासूचा आहे, जा परत!" शेवटी एका सकाळी खरंच निरोप आला. काच मिळाली होती. गिल्बर्ट मामाने नेसत्या लुंगीवरच व्हॅन काढली. अम्माने वाटेत खायला दुधातला भात बांधून घेतला, आणि आम्ही गॉल शहर मागे टाकलं. मग तात्ता हळूच म्हणाले, "म्हणजे काल कुणीतरी गेलं."

"हो," अम्मा म्हणाली.

"त्यांच्या अंगणात आत्ता पांढऱ्या पताका लागत असतील."

मामाने व्हॅन थोडी हळू केली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तात्तांना पूर्ण झोपवलं नव्हतं, फक्त डोळा बधिर केला होता. त्याचा परिणाम काय झाला हे मला नंतर परिचारिकेने सांगितलं. कापडाखालून त्यांची बडबड चालू होती. दोरा कुठल्या देशाचा, सुईला धार कोण लावतं, पाती उकळता की नुसती पुसता.

"अंकल," डॉक्टर शिवगामी म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीत गिऱ्हाईक बोलायला लागलं तर तुम्ही काय करता?"

"फेस तोंडात घालतो."

"मग माझ्याकडे फेस नाही म्हणून आभार माना."

त्यानंतर म्हणे ते चांगले गप्प पडून राहिले. टाके पडून झाले तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, "झोपलात का?" तर कापडाखालून उत्तर आलं, "नाही. ज्याने दिलं त्याचं पुण्य चिंततोय. नाव माहीत नाही, म्हणून वेळ लागतोय."

पट्टी सुटली त्या सकाळी एकदम सगळं लख्ख दिसलं, असं काही झालं नाही. डॉक्टरांनी बोटं नाचवली, तात्तांनी मोजली, आणि चुकली. "धुकं आहे," ते म्हणाले, "पण दूध गेलं." डॉक्टरांनी सांगितलं की वेळ लागेल. टाके एकेक करून बऱ्याच महिन्यांनी निघतील, थेंब चुकवायचे नाहीत, आणि लाली आली, उजेड टोचू लागला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी यायचं, कुणाच्या घरची बाटली उघडायची नाही. शेवटचं बोलताना त्यांनी गिल्बर्ट मामाकडे बघितलं. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. मामाने दोन्ही हात जोडले.

नजर येत गेली ती आमच्याकडे पहाट होते तशी. आधी होड्यांच्या आकृत्या, मग त्यांचे रंग, मग त्यांच्यावर लिहिलेली नावं. चष्माही लागला. तात्ता दुकानाच्या पायरीवर बसून जे दिसेल ते मोठ्याने वाचायचे, बसच्या पाट्या, साबणाच्या जाहिराती, पलीकडच्या भिंतीवरचे पोरांनी लिहिलेले वाईट शब्दसुद्धा. माझ्या मशीनवरचं शिवण हातात घेऊन म्हणाले, "ही शिवण वाकडी आहे." मी म्हटलं, "तात्ता, ती आधीपासून वाकडीच असते, तुम्हाला दिसत नव्हती एवढंच." हेडमास्तर नव्या मिशीनिशी परत आले. त्यांच्यामागून गावाचं अर्धं जंगल खुर्चीत बसून गेलं.

पण तात्तांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. देणाऱ्याचं नाव इस्पितळ सांगत नाही. तो नियम आहे, आणि तात्तांनी स्वतःच तो कित्येक घरांना सांगितला होता. आता त्याच नियमाने त्यांना चैन पडेना. शेवटी ते विहारात गेले आणि भन्तेंना म्हणाले, "भिक्खूंना जेवणाचं दान घालायचंय. पण कुणाच्या नावाने घालू? नाव नाही, गाव नाही, बाई की पुरुष तेही माहीत नाही."

भन्ते खूप म्हातारे होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "तू मागायला जायचास तेव्हा घेणाऱ्याचं नाव तुला माहीत असायचं का?"

"नाही."

"तेव्हा अडलं नाही, मग आताच कसं अडतंय? पौर्णिमेला येतो आम्ही. फणसाची भाजी असू द्या."

पौर्णिमेला आमच्या घरी सगळं गाव आलं. अंगणात चटया अंथरल्या होत्या. रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाची तसबीर मांडतात, ती कुठून आणायची? अम्माने छोट्या टेबलावर पांढरं कापड घातलं, एक दिवा आणि फुलं ठेवली, आणि तसबिरीची जागा मोकळीच सोडली. येणारा प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेसमोर थांबून हात जोडत होता. पियसीली अक्का बराच वेळ थांबली. मुलीला आणि जावयाला पुढे ओढून म्हणाली, "नमस्कार करा." कुणाला, ते तिने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

भोजन झालं, भन्तेंनी सूत्र म्हणायला सुरुवात केली, आणि तात्ता-अम्मांनी मिळून सुरईतून वाटीत पाणी ओतायला घेतलं. वाटी भरली, काठावरून ताटलीत सांडू लागली. अम्माने खालून सुरईला आधार दिला. पुण्य कुणाला द्यायचं ते सांगायची वेळ आली तेव्हा भन्ते थांबले आणि तात्तांकडे बघून म्हणाले, "तूच सांग."

तात्ता घसा खाकरून म्हणाले, "ज्यांनी दिलं त्यांना. आणि त्यांच्या घरी ज्यांनी रडता रडता हो म्हटलं त्यांनाही."

सगळं अंगण एका आवाजात साधू, साधू, साधू म्हणालं. मी पियसीली अक्काकडे बघायचं टाळलं, कारण मला रडायचं नव्हतं.

चहा फिरू लागला तसे सगळे मोकळे झाले. गिल्बर्ट मामा गुळाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "मला वाटतं देणारा फार भांडखोर असणार. काच बसल्यापासून याला सगळ्यांच्या चुकाच दिसतात."

"किंवा शाळामास्तरीण असेल," सायमन आजोबा म्हणाले.

"मामा, तुमचं काय ठरलं?" कुणीतरी विचारलं. "आता तरी देणार ना डोळे?"

सगळे मामाकडे वळले. तात्ताही. मामाने चहाचा घोट घेतला, कपात बघितलं, आणि म्हणाला, "विचार करतोय. गर्दी करू नका अंगावर."

तात्तांनी त्याला पुढे काही विचारलं नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी फक्त गुळाची बशी त्याच्याकडे सरकवली.

लोक गेले. दुपारचं ऊन अंगणात तिरपं उतरलं होतं. अम्मा विहिरीपाशी मोठी पातेली घासायला बसली, आणि तात्ता तिच्या हाताला पाणी काढून देत होते. पाण्याची बादली वर आली आणि ते तशीच हातात धरून उभे राहिले.

"आता काय झालं?" अम्माने विचारलं.

"तुझे केस," तात्ता म्हणाले. "कधी पांढरे झाले एवढे?"

"कधीचे! तुम्ही गावाच्या डोळ्यांत बघत होतात, माझ्या डोक्याकडे कधी बघितलंत?" अम्माने पातेलं दाणकन उलटं ठेवलं. "आणि पांढरे झाले तर झाले. वाईट दिसतात का?"

"मी कुठे वाईट म्हटलं?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या."

तात्तांनी बादली ठेवली आणि काही न बोलता ते सायकल काढून निघून गेले. अम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, रागावले." पण ते दुकानात गेले होते. परत आले ते खांद्यावर पांढरं कापड, हातात कंगवा आणि केसांच्या काळ्या रंगाची पुडी घेऊन. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही बाईच्या केसाला हात लावला नव्हता.

"बस," ते म्हणाले.

"वेड लागलंय का? लोक बघतील!"

"बघू देत. बघायलाच असतात डोळे."

अम्मा कुरकुरत विहिरीच्या कट्ट्यावर बसली. तात्तांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, अंबाडा सोडला, आणि एकेक बट हातात घेऊन, अगदी नाक लावून, रंग लावत राहिले. मी रिकाम्या बादलीवर बसून बघत होते. रंग वाळेपर्यंत अम्मा पुतळ्यासारखी बसली होती आणि तात्ता तिच्याभोवती फिरत फिरत कुठे राहिलंय ते तपासत होते.

धुतल्यावर कळलं की पुडी जुनी होती. केस काळे नव्हे, विटेसारखे तांबडे झाले होते.

मी तोंडात पदर कोंबला. अम्माने आरसा मागितला. तात्तांनी तो लगेच दिला नाही, आधी दोन पावलं मागे सरकले. तिने बघितलं, डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. आणि मग ती इतकी हसली की कट्ट्यावरून घसरता घसरता राहिली. तिला हसताना बघून तात्ताही हसू लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तसे घाबरून म्हणाले, "इनोका, स्वच्छ रुमाल आण! चोळायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!"